खांद्यावरची बोटं

आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानातली एक टाकी विकायची नव्हती. तिच्यात बोटाएवढा पिवळा गोबी मासा होता आणि त्याचा जोडीदार, एक झिंगा. झिंग्याला जवळजवळ दिसत नाही. तो दिवसभर वाळूत बीळ खणतो आणि बाहेर येताना आपली लांब मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवतो. धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो, की झिंगा आत.

डोळे गेल्यापासून आमच्या ह्यांचंही तेच. माझ्या खांद्यावर बोटं टेकवून चालायचं. मी खांदा उडवला की थांबायचं. “मी झिंगा आणि ही माझा गोबी,” असं हे गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. खांदा माझा दुखायचा.

परवा गोबी मेला. मी जाळीने काढून टाकला आणि ह्यांना तसं सांगितलं. ते टाकीला कान लावून बसले. आतून चुटकी वाजल्यासारखा आवाज आला. बाहेर आला की झिंगा नांगी तशी वाजवतो.

“मेला, तर मग हा बाहेर कसा आला?”

मी वाकून पाहिलं. झिंगा खरंच बिळाबाहेर होता, आरामात वाळू लोटत. मिशी पुढे, नुसत्या पाण्यावर टेकलेली. तिच्याखालची वाळू बोटाएवढी दबली होती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भ्यायले की मला राग येतो. बसा त्या टाकीला कवटाळून, असं तोडून बोलले आणि तरातरा घरी निघून आले.

घरात पाऊल टाकलं तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. मधला मोठा रस्ता ते एकटे कसे ओलांडणार? तशीच परत फिरले, तर हे जिना चढून येत होते. ताठ, कुठेही न चाचपडता. हात पुढे, माझ्या खांद्याच्या उंचीवर, बोटं टेकलेली. पुढे कोणीच नव्हतं.

“बरं झालं वेळेवर खांदा उडवलास,” ते म्हणत होते. “ट्रक अगदी अंगावर आला होता. पण किती गार पडलीयेस गं. आणि ओली.”

मला राहवलं नाही. मी त्यांचा हात ओढून माझ्या खांद्यावर ठेवला. बोटांतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी दचकून हात काढून घेतला आणि पुन्हा आधी होता तिथेच, हवेत टेकवला.

“दारात कोण उभं आहे गं?” त्यांनी विचारलं. मला नाही.