दुसऱ्या करड्याची बाही

दिवसभर कपडे फाडणाऱ्या बाईला संध्याकाळी शिवायला बसवत नाही. भतेरीला तर सुईचं एक भोक दोन दिसायचं, आणि दोरा दोन्हीत जात नसे. तरी ती बसायची. सोमवारी तिची लेक शीलू पानिपतहून कर्नालला नर्सिंगच्या वर्गाला निघणार होती, पहाटेच्या बसने, आणि तिथल्या थंडीत एका स्वेटरवर पोर काकडून गेली असती. त्याआधी कोट व्हायला हवा होता.

कारखान्यात साता समुद्रापलीकडच्या लोकांनी टाकून दिलेले लोकरी कपडे येत. बायका विळीसारख्या उभ्या पात्यावर ते चिरत, बटणं-चेन काढत, रंगारंगाचे ढीग लावत. पुढे यंत्र त्याचा चोथा करी, चोथ्याचं सूत, सुताची ब्लँकेटं. रंगवायची भानगडच नाही. ढिगाचा रंग तोच सुताचा. म्हणून करड्या ढिगावर भतेरीच बसायची. बाकीच्यांना करडा एक दिसे, तिला कबुतराचा वेगळा, राखेचा वेगळा, ओल्या सिमेंटचा त्याहून वेगळा.

हा कोट राखेचा. कोणी पुन्हा विकू नये म्हणून बंदरावरच पाठीत उभा चिरलेला, पण कापड वासराच्या कानासारखं मऊ. पात्यावर धरताना तिचा हात थबकला आणि तिने तो शिवणीशिवणीने उसवला. फाटकावर पिशव्या उघडून बघत, पण गठ्ठे वाहायला डोक्यावर ठेवलेली चुंबळ कोण उलगडणार? ती ज्या बाईची, तिच्या डोक्यावरच घरी जायची. भतेरीची चुंबळ एके दिवशी कॉलरची झाली, मग पाठीची, मग एका बाहीची.

शेवटची बाही तेवढी राहिली, त्या दुपारी तिची कंबर इतकी ठणकत होती की भाकरी तशीच ठेवून ती गठ्ठ्याला टेकली आणि तिचा डोळा लागला. शेजारच्या पात्यावरच्या बाईने, कमलेशने, माया दाखवली. जीजीला झोपू दे म्हणत तिच्यापुढचं सगळं उचलून यंत्राकडे दिलं. भतेरी उठली तेव्हा बाहीचा भुगा हवेत उडत होता.

कमलेशने कपाळावर हात मारला आणि ढिगातून दुसरी बाही शोधून आणली.

"ही निळ्याकडे झुकते," भतेरी म्हणाली.

"जीजी, इतकं बघतेस, मग नवरा कसा पसंत केलास गं?"

भतेरीला हसू आलं, पण हसायलाही कंबर दुखली. तीच बाही चुंबळ होऊन घरी गेली.

तिने ती लावली, लांबून पाहिली, उसवली. उलटी करून लावली. आतली बाजू कमी विटलेली होती, तरी निळी झाक राहिलीच. पुन्हा उसवली. रविवारी संध्याकाळी ती तिसऱ्यांदा ब्लेड घेऊन बसली, तेव्हा ट्रंक भरणारी शीलू जवळ आली.

"मां, आता उसवलंस तर कापडच जाईल."

"दिसतं गं ते."

"कोणाला?"

शीलूने कोट अंगात घातला, दारातल्या उरलेल्या उजेडात उभी राहिली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, सांग कुठली. भतेरीने क्षणाचाही वेळ न लावता तिच्या उजव्या बाहीकडे बोट दाखवलं. शीलूने दोन्ही बाह्या डोळ्यांशी नेल्या, खाली-वर केल्या.

"मला नाही दिसत. आणि थंडी मला वाजणार आहे, तुझ्या ढिगाला नाही."

तिने आईच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं आणि फळीवर टाकलं. कोट काही तिने उतरवला नाही. ट्रंकेचं झाकणही कोट घालूनच दाबलं.

सकाळी बस उशिरा आली. शीलू ट्रंक चढवताना दोनदा म्हणाली की घाम येतोय, आणि तरी गळ्यापर्यंत बटणं लावलेलीच ठेवली. खिडकीतून तिने हात हलवला, नेमका उजवा. भतेरीच्या नजरेला ती निळी झाक तेवढ्या लांबूनही टोचत होती. हाक मारून तिला म्हणावंसं वाटलं, दुसरा हात हलव.

तिने हाक मारली नाही. बस वळून गेल्यावर थांब्याच्या कट्ट्यावर टेकली. कामाला अजून अवकाश होता. गार दगडावर बसल्या बसल्या तिचे डोळे मिटले, आणि या खेपेला तिने ते मिटू दिले.