दुरुस्तीपलीकडचा पंप

पंपाच्या तळाचे बूच सैल झाले आणि व्हॅक्यूमकाकांनी झटकन तोंड फिरवले. खालच्या घमेल्यात जे पडत होते त्याला तेल म्हणणे अवघड होते. तपकिरी, गुठळ्या झालेला, तार धरणारा लगदा होता तो. खोलीभर कुजक्या मांसाचा भपकारा सुटला.

नाक दाबून बायको दारात आली. "अहो, काय मेलंय त्यात?"

"मांस पॅक करायच्या कारखान्यातला दिसतोय. आणि तो भंगारवाला म्हणाला, दवाखान्यातला आहे, धुतल्या तांदळासारखा!"

"तुम्हाला काय, कोणीही यावं आणि गंडवून जावं."

ते खोटे नव्हते. हा तिसरा पंप. पहिल्यात रंगाखाली नुसता गंज होता, दुसऱ्यात आतली पातीच नव्हती.

काकांनी एकतीस वर्षे कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काढली होती. हवा उपसणारे पंप त्यांच्या ताब्यात, म्हणून पोरांनी 'व्हॅक्यूमकाका' हे नाव पाडले. एकदा एका पाहुण्या शास्त्रज्ञाने फळ्यावर दाखवले होते : पोलादी टाकीतली हवा जवळजवळ सगळी काढा, चिमूटभर जड हायड्रोजन सोडा, आतल्या तारेच्या गोळ्याला मोठा विद्युतदाब द्या. अणू एकमेकांवर आदळतात आणि त्यातले थोडे एकजीव होतात. सूर्याच्या पोटात चालते तेच. त्या दिवशी फळा पुसणे काकांच्या जिवावर आले होते. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत त्यांनी घागरीएवढी टाकी उभी केली. गोळा स्वतः वळला. अडले होते ते पंपावाचून.

तो घाणेरडा पंप पोत्यात घालून ते भंगारवाल्याकडे गेले. भंगारवाल्याला ना लाज ना खंत.

"वास येतो? मग नाक धरून चालवा की, काका."

"माणसाने किती खोटं बोलावं?"

"बरं, चिडू नका. त्याच्या बदल्यात हा न्या. कॉलेजातला आहे."

हिरव्या रंगाचा पंप. रंग ताजा, बोटाला चिकटणारा. काकांनी तेलाच्या काचेशेजारी सवयीने अंगठा फिरवला आणि तो रंगाखालच्या एका खाचेत अडकला. तेलाची पातळी कळावी म्हणून कानशीने ती रेघ त्यांनीच ओढली होती. दर महिन्याला ज्याचे तेल बदलले, तो पंप तेवीस वर्षांच्या ओळखीचा निघाला.

"हा इथे कसा? चांगला चालत होता हा!"

"चोरीचा नाही हं. कागद आहे माझ्याकडे."

भंगारवाल्याने मळकी झेरॉक्स पुढे केली. 'मोटर जळालेली, दुरुस्तीपलीकडे, निकामी.' खाली 'तपासणारा', आणि त्यापुढे काकांची सही. तारीख नोकरीच्या शेवटच्या दिवसाची.

त्यांना तो तास आठवला. विभागप्रमुखांनी कागदांची चळत पुढे सरकवली होती. "काका, नुसती औपचारिकता हो. करून टाका सह्या." हातात चहा होता. त्यांनी एकही ओळ वाचली नाही. नवे पंप पुरवणारा प्रमुखांचा मेहुणा आहे, हे साऱ्या विभागाला माहीत होते. काकांनाही होते. म्हणूनच वाचले नव्हते.

त्यांनी ती झेरॉक्स दोन बोटांच्या चिमटीत धरून परत केली. मघाच्या लगद्यानेही इतकी शिसारी आली नव्हती.

"काय झालं काका? नको का?"

"दे," ते म्हणाले.

घरी आणून त्यांनी पंप उघडला. आत कोणीतरी गाडीचे जळके तेल ओतले होते. दोन दिवस ते धूत बसले, काळे निघायचे थांबेपर्यंत. मग नवे तेल भरले, टाकीला जोडून बटण दाबले. पंप एकदा खाकरला आणि संथ लयीत चालू लागला. दाब दाखवणारा काटा घसरत घसरत पार तळाला टेकला.

बायको ओले हात पुसत येऊन उभी राहिली. बराच वेळ काट्याकडे बघत राहिली.

"चांगला चालतोय की हो. मग याला मोडीत कोणी काढलं?"

"मी," काका म्हणाले.

पंप चालू राहिला. बंद करायला दोघांपैकी कोणीच पुढे झाले नाही.