सरकलेला रकाना

"खोकी फडताळात आहेत, तुमच्या पडद्यावर नाहीत. आता खोकी हलवू की पडदा?" भांडार सांभाळणाऱ्या काकूंनी सगळ्यांसमोर विचारले.

"पडद्यावर तेच दिसतं जे तुम्ही भरता," डेटाबेसवाला म्हणाला. "आकडा भलत्याच रकान्यात टाकत असाल. चष्मा बदला, काकू!"

सगळे हसले. काकूंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि त्या निघून गेल्या.

पुढच्याच आठवड्यात व्यवस्थापकांनी त्यांना भांडारातून काढून बांधणी विभागात बसवायचे ठरवले. "दुपारी बोलावलंय त्यांना. त्यांच्या चुकांची यादी काढून ठेव," त्यांनी डेटाबेसवाल्याला फर्मावले.

पुराव्याशिवाय काही मानायचे नाही, असे तो नेहमी म्हणत असे. पुरावा पाहण्यासाठी मूळ तक्ता त्याने काकूंच्या तक्रारीनंतर आज प्रथमच उघडला. काकूंनी भरलेला प्रत्येक आकडा योग्य जागी होता.

मग त्याने शिल्लक दाखवणारा व्ह्यू तपासला. व्ह्यूमध्ये स्वतःची माहिती नसते. ती मूळ तक्त्याकडे पाहण्याची खिडकी असते. ती बांधताना रकान्यांची नावे एकेक करून लिहावीत, असा संकेत आहे. त्याने कंटाळा करून नुसते तारांकन टाकले होते, म्हणजे 'असतील ते सगळे'. पुढे त्यानेच तक्त्याच्या मधोमध 'परत आलेला माल' हा रकाना घातला. खिडकीला ते कळले नाही. मथळे जागच्या जागी राहिले आणि आकडे एक घर सरकले. 'शिल्लक' या मथळ्याखाली परत आलेला माल दिसू लागला. आणि माल सहसा परत येतच नसल्याने तिथे शून्य दिसे.

त्याचे कान तापले. त्याने व्ह्यू ताजा करण्याची एका ओळीची आज्ञा दिली. शून्ये गेली.

"सापडल्या चुका?" व्यवस्थापकांनी आत येत विचारले. त्यांच्या मागोमाग काकूही आल्या.

"त्यांच्या नाहीत, साहेब. सिस्टिमचा घोळ होता. निस्तरला."

"मी म्हणतच होतो!" जे कधीच म्हटले नव्हते ते व्यवस्थापक ठणकावून म्हणाले. "मग राहा भांडारातच, काकू."

"सिस्टिमचा म्हणजे कुणाचा?" काकूंनी विचारले. सुरात खोच नव्हती. पुन्हा तसे झाले तर कुणाला सांगायचे, एवढेच त्यांना हवे होते.

व्यवस्थापकही त्याच्याकडे पाहू लागले.

"तसा... कुणाचा असा नसतो, काकू."

काकूंनी मान डोलावली. पडद्याजवळ वाकून त्यांनी शिल्लक वाचली. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्याच्या काचेवर अजून एकही ओरखडा नव्हता. पिशवीतून जुना काढून त्यांनी तो लावला आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

"यातूनही बरोबर दिसतंय की," त्या म्हणाल्या. नवा चष्मा त्यांनी डबीत ठेवला, झाकण दाबले आणि त्या भांडाराकडे गेल्या.

तो पडद्याकडे पाहत राहिला. तिथे दुरुस्त करण्यासारखे काही उरले नव्हते.