सगळ्या लेनमध्ये बँड

लेन १: माणसाच्या पेशी

बँड आला. यायला हवा तिथेच.

हा बँड म्हणजे संघमित्राची सहा वर्षांची पीएचडी. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर लायगेज नावाचा एक एन्झाइम बसलेला असतो. निकामी प्रथिनांना तो युबिक्विटिनची चिठ्ठी लावतो, मग ती मोडीत निघतात. तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेशींचा अर्क जेलच्या लेनमधून पळवायचा, पातळ पडद्यावर उतरवायचा आणि वर अँटिबॉडी सोडायची. ती फक्त या लायगेजला चिकटते आणि तिथे फिल्मवर काळी रेघ, म्हणजे बँड, उमटते.

फक्त यालाच, असं बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलंय.

लेन २, लेन ३: त्याच पेशी, पुन्हा

बँड. बँड. मार्गदर्शक रुपचंद सरांचे तीन शोधनिबंध याच रेघेवर छापून आले.

लेन ४: केळी

कडेची लेन रिकामी ठेवली की शेजारचे बँड वाकडे पळतात. म्हणून हाताला लागेल तो अर्क तिथे भरायचा, ही जळगावच्या या प्रयोगशाळेतली जुनी सवय. हाताला लागला दानिशचा. दानिश धुळ्याचा, शेजारच्या टेबलावरचा संशोधक विद्यार्थी. सावद्याहून केळीची पानं आणतो, वाटून अर्क काढतो, फ्रीझरचे दोन खण अडवतो.

केळीतही बँड. शेजाऱ्यांइतकाच काळा, त्याच उंचीवर.

"तुनी अँटिबॉडी बठ्ठासले हो म्हणस, ताई," दानिश म्हणाला. सगळ्यांनाच हो.

सरांनी फिल्म खिडकीशी धरली. "उत्क्रांती आहे ही. केळीतही आपला लायगेज. शेवटच्या प्रकरणात घे."

"सर, अँटिबॉडीच चुकीची असली तर?" संघमित्राने विचारलं.

"म्हणजे माझे तिन्ही निबंध चुकीचे?"

तिने फिल्म परत घेतली. धुळ्याच्या कॉलेजातली नोकरी ठरली होती. एकतीस तारखेच्या आत प्रबंध दाखल केल्याची पावती हवी होती, आणि त्याआधी सरांची सही.

लेन ५

पुण्याहून पेशी मागवल्या. लायगेजचं जनुकच कापून काढलेल्या. पाचवी लेन जोडून जेल पुन्हा चालवलं. इथे लायगेज असूच शकत नाही. इथे रेघ आली नाही, तर सर बरोबर.

आली.

"ही लेन काढून टाक," सर म्हणाले. "चार पुरेत. तीन आपल्या, एक केळी. मी लगेच सही करतो."

पिंप्राळ्यातल्या खोलीवर तिने लॅपटॉप उघडला. सांगितल्याप्रमाणे एक लेन कापली. चार उरल्या. चारही बँड सारखे. आकृतीखाली तिने चार ओळी लिहिल्या, दोनदा वाचल्या, आणि प्रिंट काढली.

सरांनी पेनच्या टोकाने मोजलं. "एक, दोन, तीन, आणि ही आपली केळी. बघ, किती स्वच्छ." आकृतीखालचा मजकूर सर कधीच वाचत नाहीत. बँड स्वतः बोलतो, असं ते दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगतात. सही केली. आकृतीखालची चौथी ओळ अशी होती:

लेन ४: जनुक काढून टाकलेल्या पेशी. यात लायगेज नाही, तरीही बँड आहे. सबब या अँटिबॉडीवर आधारलेले आधीचे निष्कर्ष, या प्रबंधातले धरून, ग्राह्य मानू नयेत.

पावती एकोणतीसला मिळाली. पहिल्या तारखेला ती धुळ्यात रुजू झाली. तिसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या वर्षाच्या वर्गातून बाहेर पडताना, सरांचा फोन आला. आवाज प्रसन्न होता.

"बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलंय. त्यांना लेन चारबद्दल सविस्तर बोलायचंय, माझ्याशीसुद्धा."

"हो सर."

"म्हटलं नव्हतं? केळीवर जरा तयारी करून ये."