माझ्या माणसाच्या खिशातली बाटली

राहू द्या, पिशवी छातीशी धरायची गरज नाही, मला आता तिच्याशी काही देणंघेणं नाही. मी हुंगणारा कुत्रा बोलतोय, नोकरीवरून घरी बसवलेला. बसवलेला म्हणायचं इतकंच, एका जागी राहणं माझ्या रक्तात नाही. दारापासून खिडकीपर्यंत जातो, खिडकीतून काही दिसत नाही, मग परत दाराशी येतो. पथकात मला चुळबुळ्या म्हणायचे ते उगीच नाही.

आणि नोकरी कसली, तर बसण्याची! पिल्लू होतो तेव्हा मला एका हवालदाराच्या हाती दिलं. लोक त्याला काहीही म्हणोत, मी त्याला माझा माणूस म्हणतो. जुन्या मोज्यात गांजा बांधून तो मोजा लपवायचा आणि शोध म्हणायचा. सापडला की भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही, मुकाट्याने समोर बसायचं. बसलो की त्याच्या डाव्या खिशातून लाल रबरी चेंडू निघायचा. आमच्यातला सौदा एवढाच होता, आणि त्या चेंडूत माझा सगळा जीव होता.

बसच्या आगारात, पार्सलांच्या गोदामात आम्ही पुष्कळ हिंडलो. माणसांची जात मोठी मजेशीर. ज्याच्या पिशवीत काही नसतं तो मला बघून घाम पुसतो, आणि ज्याच्या पिशवीत असतं तो म्हणतो, वा, काय छान कुत्रा आहे हो. मी त्याच्यासमोर छान बसायचो.

घरी मात्र मी कामावर नसायचो. अंगावर पट्टा चढला की काम सुरू, उतरला की नाकाला सुट्टी. घरात आम्ही तिघं होतो, माझा माणूस, मी आणि त्याची थोरली बहीण. ताई पडदे शिवते. तिला फिट येतात. मशीन चालू असताना एकदम हात आखडायचे, मान वळायची, कापड घसरून खाली पडायचं. किती गोळ्या झाल्या, काही केल्या थांबेना. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, जिभेखाली घ्यायचे. ते सुरू झाल्यापासून मशीनचा आवाज मध्येच तुटेनासा झाला. त्याआधी तो तुटला की माझा माणूस ताट सोडून धावायचा.

आता तो दिवस सांगतो. आमची परीक्षा होती. मोठे साहेब आले होते, पोती ओळीने मांडली होती, एकात गांजा होता. माझ्या माणसाने येता येता औषधाच्या दुकानातून ताईची बाटली घेतली होती. घरी ठेवून येऊ म्हणाला असेल, पण उशीर होत होता, म्हणून उजव्या खिशात टाकली. झाकण नीट बसलेलं नव्हतं.

पट्टा चढला. मी पोत्यांकडे निघालो आणि थबकलो. वास पुढूनही येत होता आणि मागूनही, मागून जास्त. मी वळलो आणि माझ्याच माणसासमोर बसलो. मान वर करून चेंडूची वाट बघत राहिलो. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी त्याच्या खिशात हात घातला आणि तेलकट बाटली बाहेर काढली. चेंडू दुसऱ्या खिशात होता, तो तिथेच राहिला. बरोबर बसूनही चेंडू मिळाला नाही असं जन्मात पहिल्यांदा झालं.

त्याने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, बहिणीचं औषध आहे म्हणून परोपरीने सांगितलं. साहेब म्हणाले, तपासणीचा निकाल येईपर्यंत घरी बस. बाटलीवर लाख लावून ती प्रयोगशाळेत पाठवली. दुकानात दुसरी नव्हती, येईल तेव्हा येईल म्हणाले.

ते दिवस फार वाईट गेले. एका दुपारी मशीनचा आवाज मध्येच तुटला. मी धावलो, माझा माणूसही धावला. ताई जमिनीवर होती, कपाळाला खोक पडली होती. तिला कुशीवर वळवताना तो माझ्याकडे एकदाच बघून म्हणाला, "तू का बसलास रे?" मी काय सांगणार! मला बसायलाच त्याने शिकवलं होतं. नंतर तो माझ्याशी बोलेनाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे फास माझ्याच हातून पडला होता.

निकाल आला तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाई स्वतः आल्या. साहेबांनी विचारलं, हे गांजाच्याच झाडाचं ना? बाई म्हणाल्या, "झाड एकाच कुळातलं, साहेब. गांजात टीएचसी भरपूर असतं, नशा त्याने चढते. हे सीबीडीचं तेल आहे, त्याने नशा चढत नाही. यात टीएचसी नावापुरतं आहे, आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या आत. वर डॉक्टरांची चिठ्ठी आहे. म्हणून हे औषध." हीच बाटली दुसऱ्या देशात नेली तर तिथला कायदा वेगळा असू शकतो, असंही त्यांनी बजावलं.

"मग कुत्रा का बसला?"

"त्याला दोन्हींचा वास सारखाच येतो. मर्यादा यंत्राला कळते, नाकाला नाही."

माझ्या माणसाला बाटली आणि नोकरी दोन्ही परत मिळाली. मला मात्र काढलं. साहेबांचंही खरंच होतं म्हणा, परवानगीच्या तेलापुढेही मी बसणार असेन, तर माझ्या बसण्यावर कोणाची झडती घ्यायची? शिकलेलं विसरायला लावता येईल का, हेही करून पाहिलं. छे! मोजा दिसला की मी बसायचोच. आता त्याच्याबरोबर एक नवी कुत्री जाते. तिला बाकीच्या नशेच्या मालाचे वास शिकवलेत, गांजाचा शिकवलेलाच नाही. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा त्याच्या पँटला तिचे केस असतात, आणि मी आणखी दोन फेऱ्या जास्त मारतो.

ताई रोज सकाळी बाटली उघडते. अंगावर पट्टा नसतो, तरी मी तिच्यासमोर जाऊन बसतो. ती हसते, थेंब घेते, मशीनकडे जाते. मी तसाच बसून राहतो. दुसरं काय करू, मला एवढंच येतं.

आज सकाळी तो बूट घालत होता. ताईने झाकण फिरवलं, मी बसलो. त्याने ते पाहिलं आणि तो उठून खुंटीवरच्या जुन्या कोटापाशी गेला. तोच कोट, उजव्या खिशावर अजून तेलाचा डाग आहे. त्याने डाव्या खिशात हात घातला आणि माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"चुळबुळ्या, हा त्या दिवसाचा," म्हणाला, आणि त्याने चेंडू टाकला.