दहाचं ऊन

मैत्रीने मागच्या आपत्कालीन दाराचा आडवा दांडा दाबला आणि अख्ख्या कारखान्यात भोंगा वाजू लागला.

ती उंबऱ्यावरच थबकली. समोर डिसेंबरचं कोवळं ऊन पडलं होतं. भोंगा वाजत असतानाच ती दोन पावलं पुढे गेली.

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लॅबला खिडकी नव्हती. हिवाळ्यात कंपनीची बस अंधारात घ्यायला यायची, अंधारातच सोडायची. नोव्हेंबर लागला की मैत्रीचं काहीतरी बिनसे. हे तिसरं वर्ष. कितीही झोपलं तरी अंग जड, आणि तरी एका जागी बसवत नसे. उठायचं, बाटल्यांची झाकणं उघडायची, पुन्हा लावायची. नवरा अनुप म्हणायचा, "वर्षातले एवढेच तर चार सुखाचे महिने. लोक समुद्रावर जातात आणि तू रडत बसतेस!" शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास सकाळचं ऊन घ्या. ते साहेबांकडे मागायचं कसं, हेच तिला सुचत नव्हतं.

लॅबचे मॅनेजर शांताराम धावत आले. मागे आठ-दहा माणसं.

"काय झालं? गॅस लीक?"

"नाही सर. मला... बाहेर यायचं होतं."

शांताराम मागे वळून अरबी मिसळलेल्या हिंदीत म्हणाले, "खलास. कुछ नहीं हुआ. यल्ला, अंदर चलो."

सगळे पांगले, भोंगा थांबला. मैत्रीने डॉक्टरांचं बोलणं एका दमात सांगून टाकलं. तिची बोटं ओढणीचं टोक पिळत होती.

"ओमानमध्ये राहून ऊन मिळत नाही म्हणते, लोक हसतील सर. नोकरी सोडावी असंही वाटतं."

"रिपोर्टमध्ये भोंग्याचं कारण लिहावं लागेल."

"खरं ते लिहा."

"चुकून दांडा दाबला गेला, असं लिहितो." ते दार ओढून घेत म्हणाले, "उद्यापासून दहाला स्टोअरच्या मागे जात जा. तिथे वारा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी दहाला ती स्टोअरला वळसा घालून गेली आणि जागीच थांबली. भिंतीला टेकून, बूट काढून, डोळे मिटून शांताराम उन्हाकडे तोंड करून बसले होते. पाऊल वाजताच ते न बघता जरा बाजूला सरकले.

"बसा," ते म्हणाले. "जानेवारी जरा जड जातो. फेब्रुवारीत उतरतं."