वगदींच्या पुस्तकाचे तीन प्रकाशक

वगदी शेहाता यांनी पाटबंधारे खात्यातली आपली चौतीस वर्षं कागदावर उतरवून संपवली, तेव्हा बायकोचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याला तांता शहरातल्या डॉक्टरने हिवाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. पुस्तक तिने स्वतः वाचावं, एवढीच त्यांची हाव. पण त्यांचं हस्ताक्षर म्हणजे मुंगळ्यांची वरात. छापण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कैरोच्या सरकारी प्रकाशन कचेरीत कारकुनाने बाड भाजीसारखं हातात तोललं. "रांगेत लावतो, उस्ताद. चार वर्षं धरा. मधे लेखक वारला तर वारसांना पत्र जातं, काळजी नसावी."

खासगी प्रकाशक गोड निघाला. चहा पाजला, जानेवारीच्या पुस्तक-जत्रेत सही-समारंभ कबूल केला आणि खर्च लेखकाचा, हे खिडकीकडे बघत सांगितलं. वगदींना तेही चाललं असतं. पण अक्षर मोठं करायला गडी तयार होईना. जाड पुस्तक कुणी उचलत नाही म्हणे.

शेवटी ते विद्यापीठासमोर झकरियाच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. प्राध्यापकांच्या नोट्स छापण्यात त्याचा जन्म गेलेला. "अक्षर केवढं हवं?" एवढंच त्याने विचारलं. गुरुवारी पुस्तक हातात. फक्त शेवटी त्याने सवयीप्रमाणे 'परीक्षेला येणारे प्रश्न' स्वतः काढून जोडले होते. त्याशिवाय माल खपत नाही, म्हणाला. वगदी जाम भडकले, पण पान फाडलं की बांधणी सुटत होती.

बायकोने नाकाला लावून अकरा दिवसांत पुस्तक संपवलं. प्रश्नांसकट.

"अहो, सहावा बघा. 'लेखकाला तीन वेळा तापातून कुणी उठवलं? नावासह लिहा. गुण पाच.'"

पुस्तकभर 'आमच्या घरची मंडळी' असंच होतं. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. घरातही ते तिला मुलाच्या नावाने 'उम्म नादिर', म्हणजे नादिरची आई, म्हणत.

"दोनदा शोधलं," ती म्हणाली. "पाच गुण गेले."

वगदींना लाज वाटली. त्यांनी पेन काढलं आणि पहिल्या पानावर तिचं नाव लिहिलं: इन्साफ.

तिने पान डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं.

"दिसत नाही," ती म्हणाली. "मोठं लिहा."